हौदातल्या भुऱ्या मासोळ्या

साहेबराव सरवदे यांच्या हाताला एक खोड राहून गेली होती. समोर पाण्याचा पेला आला की आधी तो उजेडाकडे धरायचा, आत काही हलतंय का ते बघायचं आणि मगच तोंडाला लावायचा. हॉटेलात, पाहुण्यांकडे, कुठंही. "बाबा, ते प्यायचं पाणी आहे," असं त्यांची मुलगी धम्मप्रिया हळूच म्हणायची. ते ओशाळून हसायचे आणि पाणी प्यायचे.

एकतीस वर्षं त्यांनी आरोग्य सेवक म्हणून काढली, त्यातली बरीचशी अहमदपूर आणि औसा तालुक्यात. फवारणी, रक्ताचे नमुने हे सगळं होतंच. पण लोकांच्या लक्षात ते राहिले गप्पी माशांमुळे. डासांच्या अळ्या खाणारे हे मासे, बोटाच्या पेराएवढे. दवाखान्यामागच्या सिमेंटच्या टाक्यात त्यांची पैदास करायची आणि बाटलीत भरून गावोगावच्या विहिरींत, आडांत, शाळांच्या हौदांत नेऊन सोडायचे. लोक त्यांना मासेवाले डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. पण प्रत्येक गावात ते सांगत बसायला वेळ कुणाला होता?

बाटली भरायची त्यांची एक रीत होती. आधी माद्या. मोठ्या, भुऱ्या, पोट फुगलेल्या. अळ्या खायचं काम त्याच करायच्या. मग वरून मूठभर नर. नर लहानसे, खायला कमी. पण शेपटीला निळी झाक, कमरेवर नारिंगी ठिपका. विहिरीच्या काठावरून सरपंच आणि चार माणसं वाकून बघत असत. हिरव्या पाण्यात भुरी मादी कुणालाच दिसायची नाही. नर चमकला की लोक म्हणायचे, हाव, सोडले बरं का मासे. रंग दिसला म्हणजे काम दिसलं. माद्या कुठल्याही टाक्यातल्या चालायच्या; नर मात्र साहेबराव निवडून घ्यायचे.

नोकरी सुटली. पुढच्या वर्षी पत्नी पार्वतीबाई गेल्या. धम्मप्रियाने वडिलांना नांदेडला आपल्याकडे आणलं. ती तिथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायची आणि संशोधनाला तिने विषय घेतला होता गप्पी माशांचाच. घरातल्या बाटल्या बघतच ती मोठी झाली होती, त्यामुळे साहेबरावांना यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्या प्रश्नाचं. मासे किती अळ्या खातात हे ती विचारतच नव्हती. मादी कोणत्या नराला पसंत करते आणि का करते, हे ती बघत होती.

घराच्या मागच्या बाजूला निंबाच्या सावलीत तिचे दोन मोठे टब होते. एकात नायगावजवळच्या एका विहिरीतले दोनशेक मासे, दुसरा रिकामा. संध्याकाळी बापलेक तिथं खुर्च्या टाकून बसत.

"म्हणजे बघायचा कार्यक्रम मादीकडून असतो म्हण की," साहेबराव एकदा म्हणाले.

"असंच समजा. नर पुढं येतो, शेपटी पसरतो, अंग वाकडं करून थरथरतो. ती बघते. पटलं तर थांबते, न्हाई पटलं तर चालली."

"आणि पटतं कशावरून?"

"तेच तर कळंना. कुणी म्हणतं, नारिंगी ठळक म्हणजे नर धडधाकट, चांगलं खाल्लेला. कुणी म्हणतं, यांना पाण्यात पडलेलं नारिंगी फळ आवडतं, तीच आवड नराकडं वळली. पण एवढं खरं, की आईची आवड लेकीत उतरते. जो आवडतो त्याचीच पिल्लं जास्त होतात, आणि तोच रंग वाढत जातो. हजारो पिढ्या असं चाललंय. मोराचा पिसारासुद्धा लांडोरींनीच घडवलाय."

साहेबराव टबाकडे बघत राहिले. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तुझं मात्र बघून बघून ‘चालली’च चाललंय. गेल्या महिन्यात उदगीरचं स्थळ होतं, चांगला इंजिनियर."

"आईनंबी दोन नाकारले होते की."

"हाव. एक मास्तर आणि एक पोलीस." हे सांगताना त्यांचा चेहरा अजूनही खुलायचा.

एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली ती गोष्ट. अहमदपूरजवळच्या खेड्यात मुलगी बघायला जायचं होतं आणि त्याच दिवशी साहेबरावांना पुढच्या गावात मासे पोचवायचे होते. बाटली उन्हात ठेवता येईना, म्हणून ती मांडीवर घेऊनच ते पाहुण्यांच्या ओसरीवर बसले. सोबत आलेला मामा दातओठ खात होता. पोहे आले, प्रश्न झाले, सगळे मुलीकडे बघत होते. मुलगी एकदाच मान वर करून बघून आत गेली. मुलाकडून होकार लगेच गेला, पण मुलीकडून निरोप यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मामाने बाटलीचं नाव काढून साहेबरावांना पुरतं हैराण केलं. शेवटी होकार आला. का आला, हे साहेबरावांनी पुढच्या तीस वर्षांत अनेकदा विचारलं. "तुम्हाला काय करायचंय?" एवढंच पार्वतीबाई म्हणायच्या आणि भाकरी उलटायच्या. त्या दिवशी अंगात नवा निळा टेरिकॉटचा शर्ट होता. साहेबरावांनी आपल्यापुरता तो शर्टच कारण म्हणून धरून ठेवला होता.

फेब्रुवारीत औशाहून खाजाभाईचा फोन आला. खाजाभाई तिथल्या एका मशिदीची देखभाल करायचे. झाडझूड, दिवाबत्ती, हौदाचं पाणी. नमाजाआधी हातपाय धुण्याचा तो जुना दगडी हौद. सत्याण्णव साली डासांच्या मोहिमेत साहेबरावांनी त्यात बाटलीभर मासे सोडले होते, तेव्हापासूनची दोघांची ओळख.

"सलाम साब. तबियत बरी हाय ना? एक सांगायचं होतं. आपला हौद बुजवायलेत. बारा नळ बसवून राहिले, रमजानच्या आधी काम झालं पायजे म्हणतेत. परवा शुक्रवारी नमाज झाली की मोटर लावणार. तुमचे मासे हायेत आत. तुम्हाला न सांगता कसं करू?"



साहेबरावांनी मासे सोडलेल्या शेकडो पाण्यांपैकी तो हौद वेगळा होता. विहिरींत लहान मासे गिळणारी मरळ असायची, पाणसाप असायचे. हौदात यातलं काही नव्हतं. स्वच्छ पाणी, वरून ऊन, आणि भीती कुणाची नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे साहेबराव तिथले थोडे मासे बरणीत घेऊन औशाच्या भाड्याच्या घरी यायचे. पार्वतीबाई ती बरणी खिडकीत ठेवायच्या, आठ दिवस. भांडी घासून झाली की हात पुसत तिथं उभ्या राहायच्या. "यंदा नारिंगी वाढलाय," असं त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा साहेबराव हसले होते. "उन्हाचा भास असंल." पण चारपाच वर्षांनी ते त्यांनाही दिसायला लागलं. ठिपक्याचा पट्टा झाला, पट्टा शेपटीपर्यंत गेला, त्याच्या कडेला निळं आलं. दहाव्या-बाराव्या वर्षी त्या हौदातल्या नरासारखा नर जिल्ह्यात दुसरीकडे साहेबरावांनी पाहिला नव्हता. आणि पार्वतीबाई म्हणायच्या, "तुमचं ध्यान नुसतं नरांवर. त्या भुरीकडं बघा की, कशी बघायलीय त्याच्याकडं."

बरणी परत हौदात रिकामी व्हायची. खिडकीत पाण्याचा गोल डाग राहायचा.

आता पार्वतीबाई नव्हत्या, ते घर दुसऱ्या भाडेकरूकडे होतं. तेवढा हौद उरला होता.

"बाबा, मिळतील तेवढे सगळे आणा," धम्मप्रिया म्हणाली. तिच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, तिला निघता येणार नव्हतं. साहेबराव गुरुवारी पहाटेच्या गाडीने एकटेच निघाले. पाच लिटरची प्लॅस्टिकची बरणी, झाकणाला भोकं पाडलेली, आणि मच्छरदाणीच्या कापडाची जुनी जाळी.

हौदाच्या काठावर दोघे म्हातारे बसले. खाजाभाई विजार गुडघ्यापर्यंत सारून पाण्यात उतरले. जाळी वर आली की साहेबराव तिच्यावर वाकायचे. नांदेडपर्यंत पाच तास, मध्ये लातूरला गाडी बदलायची, ऊन वाढलेलं. एवढ्या बरणीत चाळीसच्या वर मासे जगणार नाहीत, हा त्यांचा एकतीस वर्षांचा हिशोब होता. चाळीसच न्यायचे, तर मग निवडूनच न्यायला हवे.

"ह्या भुऱ्या?" खाजाभाईंनी ओंजळीतल्या माद्या दाखवल्या.

"राहू द्या. माद्या हायेत नांदेडला. शंभरेक."

"हौदाच्या न्हाईत ना पर त्या."

"मादी ती मादी, खाजाभाई. रंग सगळा यांच्यात हाय."

खाजाभाईंनी ओंजळ पाण्यात मोकळी केली. चाळीस नर बरणीत गेले, एकाहून एक. परतीच्या वाटेवर कंडक्टरने बरणी बघून विचारलं, "काका, हे काय, दिव्यांच्या माळेत लावायचेत का?" साहेबरावांनी बरणी छातीशी धरली. त्यांना फार बरं वाटत होतं.

एकही मेला नाही. नायगावच्या टबात ते सोडले तेव्हा पाण्यात कुणी झेंडूच्या पाकळ्या टाकल्यासारखं दिसलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी धम्मप्रिया सुट्टी होती म्हणून वही घेऊन टबाशी बसली. साहेबराव शेजारी. नर नाचत होते. एकेक जण मादीपुढे येई, शेपटी पसरी, अंगाचा बाक करून थरथरे. मादी वळून निघून जाई. नर दुसरीपुढे जाई, तीही वळे. काही माद्या तर त्यांना बघून तळाशी दगडाआड शिरत होत्या.

"लाजतात का काय?" साहेबराव म्हणाले.

धम्मप्रियाने पेन खाली ठेवलं. "बाबा, हौदातल्या माद्या कुठंयत?"

साहेबरावांनी सांगितलं. बरणी, चाळीस, निवड, सगळं.

ती टबावर वाकली. मग टबाकडे बघतच म्हणाली, "या माद्या मरळीच्या विहिरीतल्या आहेत. मरळीला रंग लांबून दिसतो. रंगीत नर आधी तिच्या पोटात जातो, आणि त्याच्याजवळ रेंगाळणारी मादी त्याच्या मागोमाग. तिथं भडक नराकडं पाठ फिरवणाऱ्याच वाचल्या. त्यांच्या लेकी या. यांना तुमचे नर सुंदर वाटत न्हाईत, भीती वाटते."

"सवय होईल की."

"दोनचार वेळा नर दांडगाईनं पिल्लं करतील. पण या रंगाला निवडणारं इथं कुणी न्हाई. पाच-सात पिढ्यांत विरून जाईल. रंग नराच्या अंगावर दिसतो बाबा, पण तो राखणारी नजर मादीची असते. हौदातल्या माद्यांनी अठ्ठावीस वर्षं निवडून निवडून तो आणला होता."

साहेबराव उठले, आत गेले, परत आले. खुर्चीवर न बसता टबाची कड धरून उभे राहिले. शुक्रवारी मोटर लागली असणार. शनिवारी मुरूम पडला असणार.

"तुझ्या आईनं सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "भुरीकडं बघा म्हणाली होती. मी कधी बघितलंच न्हाई. मला वाटलं, मादी ती मादी."

धम्मप्रिया वडिलांकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची जवळ ओढली.

"तुम्ही आईला विचारत होता ना, तुम्हाला का पसंत केलं म्हणून?"

"लई वेळा. न्हाई सांगितलं."

"मला सांगितलं होतं. शेवटच्या आजारात. ती म्हणाली, मास्तर आला तो आपल्या पगाराचं बोलला. पोलीस आला तो मिशीला हात लावत बसला. हा माणूस आला तर माझ्याकडं बघेना. रुमाल तांब्यात बुडवायचा, पिळायचा आणि बाटलीभोवती गुंडाळायचा. वाळला की परत बुडवायचा. आत बसून मी मोजलं, चार वेळा. म्हणलं, माशाला ऊन लागू न देणारा माणूस हाय."

"आणि शर्ट?"

"शर्टाचं काही बोलली न्हाई."

निंबाचं एक पान टबात पडलं. साहेबरावांनी ते काढलं आणि हातात तसंच धरून ठेवलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"खाजाभाई, हौद बुजवला का?"

"बुजवला साब. कालच फरशी बसवली."

"मासे?"

"गेले बरेच. मोटरनं गाळापर्यंत पाणी ओढलं. उरलेल्या भुऱ्या चिखलात तडफडायल्या, माझ्याच्यानं बघवंना. बादलीत घालून घरी आणल्या. बेगमबीच्या धुण्याच्या टाकीत हायेत. किती जगल्या, अल्लाला माहीत."

"टाकीत साबण घालू नका म्हणावं. मी उद्या येतो."

सोमवारी सकाळी साहेबराव औशात खाजाभाईंच्या दारात उभे होते. बेगमबी, खाजाभाईंच्या पत्नी, अंगणात दगडावर धुणं आपटत होत्या. त्यांनी पदर सावरला, साहेबरावांच्या हातातली बरणी बघितली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आये क्या? दुल्हे दुल्हे चुनके लेके गये, दुल्हनां मेरे सर पे छोड दिये."

खाजाभाई खो खो हसले. साहेबराव मान खाली घालून म्हणाले, "चुकलं भाभी."

"तीन दिन से टाकी छोडके पत्थर पे कपडे धो रही हूं मैं. पूछो इनको." पण बोलता बोलता त्यांनी टाकीवरचं गोणपाट स्वतःच बाजूला केलं.

अकरा होत्या. साहेबराव टाकीवर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. एरवी त्यांनी जाळी घालून झपाट्याने उपसल्या असत्या. आज ते बघत होते. एकीची शेपटी कडेला कातरलेली. एकीच्या अंगावर उन्हात हलकी सोनेरी झाक. एक सगळ्यांपासून लांब, कोपऱ्यात. सातजणींच्या पोटाखाली काळसर डाग मोठा झालेला होता. म्हणजे पिल्लं आत होती. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. आणि नराचं बीज कितीतरी महिने अंगात जपून ठेवते, हे साहेबरावांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. शिबिरात पाठ करून सांगितलेलं. हौद बुजला होता, पण या अकराजणींच्या पोटात तो अजून थोडा शिल्लक होता.

त्यांनी एकेक मासोळी वाटीने उचलून बरणीत घेतली. मग खिशातला रुमाल काढला.

"भाभी, थोडं पाणी."

बेगमबींनी तांब्या दिला. साहेबरावांनी रुमाल बुडवला, पिळला आणि बरणीभोवती गुंडाळला. लातूरला गाडी बदलताना त्यांनी तो पुन्हा ओला केला, अहमदपूरच्या स्थानकावर पुन्हा, लोह्याला पुन्हा. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. खिडकीतून त्या खेड्याकडे जाणारा फाटा दिसत नाही, मध्ये दुकानं झालीत. साहेबरावांनी त्या दिशेला एकदा बघितलं.

वाटेत दोन मेल्या. नऊ पोचल्या.

धम्मप्रियाने रिकामा टब धुऊन, रात्रीच पाणी भरून तयार ठेवला होता. चाळीस नर वेगळे काढून आधीच त्यात सोडले होते. नऊजणी पाण्यात उतरल्या आणि क्षणभर तळाशी गप्प राहिल्या. नरांना पत्ता लागायला वेळ लागला नाही. सगळ्यात आधी आला तो पट्टेवाला, शेपटीपर्यंत नारिंगी, ज्याला साहेबरावांनी हौदातून पहिल्यांदा उचललं होतं. कातरलेल्या शेपटीची मादी हलली नाही. पळाली नाही, पाठही फिरवली नाही. ती बघत होती. तो थरथरला, थकला, बाजूला झाला. दुसरा आला. तिने त्यालाही बघून घेतलं.

दोघं खुर्च्यांवर बसून होते. ऊन निंबावरून उतरलं.

मग ती मासोळी सावकाश पुढे निघाली आणि कडेला असलेल्या एका नराजवळ जाऊन थांबली. साहेबराव पुढे वाकले. तो नर त्यांनी सगळ्यात शेवटी, चाळीसची भरती करायला म्हणून घेतला होता. पट्टा आखूड, निळं जवळजवळ नाहीच. तिने त्याच्याभोवती एक फेरी घेतली आणि त्याच्या शेजारून पोहू लागली.

"हा?" साहेबराव म्हणाले. "याच्यात काय पाहिलं हिनं?"

"तिला विचारा," धम्मप्रिया म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहू लागली.

साहेबरावांनी विचारलं नाही. बरणीवरचा रुमाल अजून ओला होता. त्यांनी तो सोडवला, पिळला आणि टबाच्या कडेवर वाळत घातला.